पडद्यावरचा पडलेला खेळाडू आणि आपल्या घरातली मुले

३ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या शिवाजी पार्कवर क्रिकेटगुरू रमाकांत आचरेकर यांच्या स्मारकाचे अनावरण झाले. मंचावर सचिन तेंडुलकर होता, विनोद कांबळीही होता. आजाराने थकलेल्या कांबळीने जुन्या मित्राचा हात धरला आणि तो त्याला सोडवेना. दृश्य एवढेच. पण वृत्तवाहिन्यांनी ते पुन्हा पुन्हा दाखवले. त्याच महिन्यात कांबळीला इस्पितळात दाखल करावे लागले, तेव्हा कॅमेरे तिथेही पोचले. आणि घराघरांत, चहाच्या टपरीवर, लोकलच्या डब्यात एकच वाक्य ऐकू येऊ लागले, "एवढा पैसा मिळाला, पण सांभाळता आला नाही."

वाचक बंधू-भगिनींनो, हे वाक्य आपण फार सहज बोलतो. कांबळी हा कांजूरमार्गच्या वस्तीत वाढलेला मुलगा. १९८८ साली शालेय सामन्यात तेंडुलकरबरोबर त्याने ६६४ धावांची भागी केली, त्यात कांबळीच्या नाबाद ३४९ आणि तेंडुलकरच्या नाबाद ३२६. पुढे कांबळी १७ कसोटी सामने खेळला, १,०८४ धावा केल्या, सरासरी ५४.२०. त्यात दोन द्विशतके. शेवटची कसोटी १९९५ साली, तेव्हा वय अवघे २३. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याने स्वतः वृत्तपत्राला सांगितले की, क्रिकेट मंडळाचे दरमहा ३० हजार रुपयांचे निवृत्तिवेतन हेच आपले उत्पन्न आहे.

हे आकडे किती वाहिन्यांनी दाखवले? हात न सोडण्याचे दृश्य मात्र प्रत्येकाला पाठ आहे. खेळाडू वर चढतो तेव्हा छोटा पडदा त्याच्या धावा मोजतो, खाली येतो तेव्हा त्याचे अश्रू मोजतो. मधल्या काळात काय झाले, पैसा कुठून आला, कुठे गेला, कोणी सल्ला दिला, कोणी दिला नाही, याचा जमाखर्च कोणी मांडत नाही. प्रस्तुत लेखक कारकून माणूस आहे. जमाखर्च पाहिल्याशिवाय कोणाला उधळ्या म्हणायचे नाही, अशी हाताला सवय लागली आहे. म्हणून खेळाडूंच्या पडझडीवर दूरचित्रवाणीने जे मोठे कार्यक्रम केले, त्यातले काही या नजरेने पाहावेत असे वाटले. असे कार्यक्रम सर्वांत जास्त अमेरिकेत झाले. आता ते आपल्या मुलांच्या मोबाईलवरही येतात, म्हणून हा विषय परका राहिलेला नाही.

'ब्रोक' : दिवाळ्याची गोष्ट

अमेरिकेत ईएसपीएन ही खेळांची वाहिनी १९७९ साली सुरू झाली. तिला तीस वर्षे झाली तेव्हा, २००९ साली, तिने '३० फॉर ३०' नावाची माहितीपटांची मालिका काढली. त्यात २०१२ साली बिली कॉर्बेन या दिग्दर्शकाचा 'ब्रोक' हा माहितीपट दाखवला गेला. 'ब्रोक' म्हणजे कफल्लक. कोट्यवधी डॉलर मिळवलेले खेळाडू कॅमेऱ्यासमोर बसून, आपले पैसे कसे गेले ते सांगतात. मोटारी, दागिने, बंगले, मद्यालयात उडवलेल्या नोटा, फसलेले धंदे, घटस्फोट, पोटगी, आणि अचानक उगवलेले नातेवाईक.

या विषयाची चर्चा 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' साप्ताहिकाने २००९ साली दिलेल्या आकड्यांनी गाजली. अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधले ७८ टक्के खेळाडू निवृत्तीनंतर दोन वर्षांत दिवाळखोर होतात किंवा आर्थिक ताणात सापडतात, आणि बास्केटबॉलचे अंदाजे ६० टक्के खेळाडू पाच वर्षांत कफल्लक होतात, असे ते आकडे होते. आजही हेच आकडे फिरत असतात.

आता यातला 'किंवा' हा शब्द नीट वाचा. दिवाळखोर होणे आणि आर्थिक ताणात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याची नोकरी गेली, तो ताणात असतोच. आपल्या गिरणी कामगारांना विचारा. पण दिवाळे काढणे म्हणजे न्यायालयात अर्ज करणे. दोन्ही एकाच खात्यात जमा केले की आकडा मोठा दिसतो. २०१५ साली अमेरिकेतील चार अभ्यासकांनी १९९६ ते २००३ या काळात लीगमध्ये निवडल्या गेलेल्या फुटबॉल खेळाडूंच्या न्यायालयीन नोंदी तपासल्या. निवृत्तीनंतर बारा वर्षांच्या आत दिवाळखोरीचा अर्ज केलेले खेळाडू निघाले सुमारे १६ टक्के. हे प्रमाणही थोडे नाही. पण ७८ कुठे आणि १६ कुठे!

त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. ज्यांनी जास्त कमावले, जे जास्त वर्षे खेळले, तेही दिवाळखोरीपासून फारसे वाचले नाहीत. म्हणजे मूळ दुखणे पगाराच्या आकड्यात नसून पैसा येण्याच्या रीतीत आहे. कामगार तीस-पस्तीस वर्षे थोडे थोडे कमावतो. खेळाडू तीन-चार वर्षांत सगळे कमावतो आणि उरलेले आयुष्य त्यावर काढायचे असते.

हे आपल्या रुपयांत मांडून पाहू. समजा, एखाद्या मुलाला विसाव्या वर्षी कबड्डीच्या किंवा क्रिकेटच्या लीगमध्ये वर्षाला १० लाख रुपये मिळाले आणि तो चार वर्षे खेळला. एकूण ४० लाख. वस्तीत बोलबाला होईल की पोरगा लखपती झाला. पण हेच ४० लाख विसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत, म्हणजे ४८० महिन्यांत वाटले, तर महिन्याला पडतात ८,३३३ रुपये. त्यातून कर, दुखापतीचा खर्च, बहिणीचे लग्न, घराची दुरुस्ती वजा जाता निम्मेच उरले, आणि तो चोविसाव्या वर्षी थांबला, तर पुढच्या ३६ वर्षांसाठी महिना साडेचार हजारांच्या आसपास. व्याज धरले तर आकडा वाढेल, महागाई धरली तर घटेल. त्याने एकही मोटार घेतली नाही, एकही मेजवानी दिली नाही, तरी हिशोब हा असा आहे. 'ब्रोक'मध्ये मोटारी दिसतात. हा साधा भागाकार दिसत नाही.

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत हा माहितीपट मुलांना दाखवला. इंग्रजी भाग थांबवून थांबवून समजावून सांगितला. दहावीतल्या एका मुलाने विचारले, "काका, एवढे मोठे खेळाडू, मग सही करण्याआधी कागद वाचत नव्हते का?" दुसरा म्हणाला, "अरे, शिकलेले नसतील." तेव्हा त्यांना बर्नी कोसारची गोष्ट सांगावी लागली. हा माणूस त्याच माहितीपटात आहे. क्लीव्हलँडच्या संघाचा नामांकित खेळाडू, विद्यापीठात वित्त आणि अर्थशास्त्र या विषयांत पदवी घेतलेला. २००९ साली त्यानेही दिवाळखोरीचा अर्ज केला. मुले गप्प झाली. पदवी हवीच. पण पदवी असूनही आपल्या पैशाचा व्यवहार दुसऱ्याच्या हाती सोपवला, तर काय होते तेही कळायला हवे.

चेहरा कोणाचा दिसतो?

कोसार गोरा आहे. पण असे कार्यक्रम पाहून लोकांच्या मनात जो चेहरा राहतो, तो काळ्या खेळाडूचा. गरीब वस्तीतून आला, पैसा हाती पडला आणि उधळला. गोऱ्याचे बुडाले तर धंद्यात खोट आली म्हणतात. काळ्याचे बुडाले तर अक्कल नव्हती म्हणतात. हे आपल्याला सांगायला नको. कचेरीत एखाद्या साहेबाने कर्ज काढून बंगला बांधला तर तो कर्तबगार, आणि आपल्या शिपायाने कर्ज काढून मुलीचे लग्न केले तर, "यांना पैसा जिरतच नाही." बोलणारा हसत बोलतो, ऐकणारा मान खाली घालतो. म्हणून पडद्यावरच्या अशा गोष्टीला माना डोलावण्यापूर्वी आपण तरी दोनदा विचार केला पाहिजे.

एका मृत्यूतून निघालेला कायदा

पडझडीच्या गोष्टीने केवळ बदनामी होते असे नाही. कधी कधी त्यातून कायदे निघतात. त्याच मालिकेतला २००९ सालचा 'विदाऊट बायस' हा माहितीपट लेन बायस या बास्केटबॉल खेळाडूवर आहे. मेरीलँड विद्यापीठाचा हा काळा तरुण. १७ जून १९८६ रोजी बॉस्टनच्या विजेत्या संघाने साऱ्या देशातून दुसऱ्या क्रमांकाने त्याची निवड केली. दोन दिवसांनी, १९ जूनला, कोकेनमुळे हृदय बंद पडून तो गेला. वय २२.

त्या वर्षी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत आणि टी.व्ही.वर 'क्रॅक' या नशेची दहशत होती. क्रॅक म्हणजे कोकेनचाच स्वस्त, ओढण्याचा प्रकार, गरीब काळ्या वस्त्यांत विकला जाणारा. बायसने घेतले होते ते पावडरचे कोकेन. पण लोकांच्या मनात त्याचे नाव क्रॅकला चिकटले. लोकप्रतिनिधी घाईने कामाला लागले आणि अवघ्या चार महिन्यांत, ऑक्टोबर १९८६ मध्ये, कायदा झाला. क्रॅक ५ ग्रॅम सापडले तर किमान पाच वर्षे तुरुंग. पावडरच्या कोकेनला तेवढ्याच शिक्षेसाठी मर्यादा ५०० ग्रॅमची! एकाला शंभर. पावडर घेणारे बहुतेक पैसेवाले, क्रॅकवाले गरीब. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला या कलमांखाली संघराज्याच्या न्यायालयांत शिक्षा होणाऱ्या दहांपैकी सुमारे नऊ जण काळे होते. २०१० साली नवा कायदा झाला तेव्हा हे प्रमाण एकाला अठरावर आले. चोवीस वर्षे लागली.

लेनच्या आईची, लोनीस बायस यांची, गोष्ट इथे सांगायलाच हवी. १९९० साली त्यांचा धाकटा मुलगा जेही गोळीबारात मारला गेला. दोन मुलगे गमावलेली ही माउली शाळा-शाळांत जाऊन तरुणांशी बोलू लागली. बातम्यांत मुलाचे मरण गाजले. आईचे काम मात्र माहितीपट पाहणाऱ्यांनाच ठाऊक.

जो होऊ शकला असता

२०१० सालचा 'द बेस्ट दॅट नेव्हर वॉज' हा जोनाथन हॉक यांचा माहितीपट मार्कस ड्युप्रीवर आहे. मिसिसिपी राज्यातल्या फिलाडेल्फिया गावचा हा मुलगा. १९६४ साली याच गावाजवळ, काळ्यांच्या मतनोंदणीसाठी आलेल्या तीन तरुण कार्यकर्त्यांचा खून झाला होता. मार्कस त्याच्या महिनाभर आधी जन्मला. अठराव्या वर्षी तो इतका नावाजला की, मोठमोठ्या विद्यापीठांची माणसे त्याच्या दारात तळ ठोकून होती. ज्या गावात काळ्यांना मत नाकारले जात होते, ते गाव या काळ्या मुलाच्या खेळाने वेडे झाले.

पुढे काय झाले? १९८२ साली ओक्लाहोमा विद्यापीठात तो चमकला. प्रशिक्षकांशी बिनसले आणि १९८३ साली विद्यापीठ सुटले. नव्या विद्यापीठात बदली घेतली तर नियमाप्रमाणे बराच काळ मैदानाबाहेर बसावे लागणार होते. म्हणून तो व्यावसायिक लीगमध्ये गेला. १९८५ साली गुडघा गेला. वय वीस. पाच वर्षांनी अंग कमी करून, कष्ट करून तो परतला, १९९० आणि १९९१ साली लॉस एंजेलिसच्या संघातून खेळला. माहितीपटात तो मालमोटार चालवताना दिसतो.

इथे दिग्दर्शकाने एक चांगले काम केले. मार्कसला त्याने वेंधळा ठरवले नाही, बिचाराही केले नाही. विद्यापीठ, प्रशिक्षक, सल्लागार, गाव अशा सर्वांना कॅमेऱ्यासमोर बोलते केले. वीस वर्षांच्या पोराभोवती किती मोठी माणसे होती आणि त्यांतल्या किती जणांना त्याच्या गुडघ्यापलीकडची काळजी होती, हे पाहणाऱ्याला आपोआप कळते.

फी थकली तेव्हा

सर्वांत मोलाचा वाटतो तो 'हूप ड्रीम्स'. स्टीव्ह जेम्स आणि त्यांच्या साथीदारांनी सार्वजनिक दूरचित्रवाणीसाठी अर्ध्या तासाचा छोटा कार्यक्रम करायचे ठरवले होते. ते काम पाच वर्षे चालले आणि १९९४ साली जवळजवळ तीन तासांचा चित्रपट झाला. शिकागोच्या गरीब वस्तीतली दोन काळी मुले, आर्थर एगी आणि विल्यम गेट्स. दोघांना बास्केटबॉलसाठी एका नामांकित खाजगी शाळेने घेतले. आर्थरचा खेळ अपेक्षेएवढा वाढला नाही, घरची फी थकली, आणि त्याला वर्षाच्या मध्येच शाळा सोडावी लागली. थकबाकी भरेपर्यंत शाळा गुणपत्रकही देईना. विल्यमची फी एका श्रीमंत हितचिंतकाने भरली, पण त्याचा गुडघा दुखावला. दोघेही महाविद्यालयापर्यंत खेळले. मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये कोणीच पोचले नाही.

पण या चित्रपटात कॅमेरा मैदानावरून घरात येतो. आर्थरच्या घरची वीज तोडली जाते. वडिलांचे काम सुटते. आई शीला संसार ओढत रुग्णसेविकेच्या मदतनिसाचा अभ्यासक्रम करते आणि वर्गात पहिली येते. त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जो आनंद आहे, तो कोणत्याही सामन्याच्या विजयात नाही. आपल्या किती माता-भगिनींनी असाच चूल सांभाळून अभ्यास केला आहे! आणि आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी. चित्रपटाला पैसे मिळाले तेव्हा निर्मात्यांनी त्या कुटुंबांनाही वाटा दिला. ज्यांचे दुःख दाखवले, त्यांचा त्या कमाईवर हक्क आहे, हे मानणारे थोडेच.

आपली शांती

आपल्याकडे तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यातली शांती सौंदराजन आठवा. वीटभट्टीवर राबणाऱ्या दलित आईबापांची ही लेक. २००६ साली दोहा येथील आशियाई स्पर्धेत ८०० मीटर शर्यतीत तिने रौप्यपदक मिळवले. त्यानंतर तिची लिंगचाचणी झाली आणि पदक काढून घेतले गेले. एका खेड्यातल्या मुलीच्या शरीराची अत्यंत खाजगी बाब वृत्तवाहिन्यांनी देशभर घरोघरी नेली. तिने कोणतेही औषध घेतले नव्हते, कोणाला फसवले नव्हते. तरी अपराध्याची वागणूक मिळाली. २००७ साली तिने जीव देण्याचा प्रयत्न केला. २०१२ साली ती वीटभट्टीवर मजुरी करत असल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा कॅमेरे पुन्हा तिच्याकडे वळले.

मात्र मधल्या काळात तिने काय केले? राज्य शासनाकडून मिळालेल्या १५ लाखांचा उपयोग गावच्या गरीब मुलांना धावायला शिकवण्यासाठी केला. पुढे प्रशिक्षकाची पदविका घेतली. २०१६ साली तामिळनाडूच्या क्रीडा विकास प्राधिकरणात ती कायम प्रशिक्षक झाली. वीटभट्टीवरची शांती देशाने पाहिली. शिट्टी घेऊन मैदानात उभी असलेली शांती किती जणांनी पाहिली? आपल्या मुलींना हीच दुसरी शांती दाखवली पाहिजे.

घरी काय करावे?

२००८ साली आयपीएल आली, २०१४ साली प्रो कबड्डी आली. लिलावाचे आकडे टी.व्ही.वर पाहून आपली मुले शाळा बुडवून मैदानावर जाऊ लागली, अशी तक्रार अनेक आयाबहिणी करतात. त्यांना सांगणे एवढेच की, खेळ बंद करू नका. खेळाने शरीर बनते, भीड चेपते, आणि भाकरीही मिळू शकते. फक्त हिशोब आधी मांडा.

पहिली गोष्ट, दहावी-बारावी आणि शक्यतो पदवी सोडू नये. गुडघा एका क्षणात जातो, गुणपत्रिका जात नाही.

दुसरी, खेळाची प्रमाणपत्रे जपून ठेवावीत. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वेतही खेळाडूंची भरती होते. पण प्रमाणपत्राची पडताळणी होते. म्हणून स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची आहे की नाही, हे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आधी विचारावे. "पैसे द्या, प्रमाणपत्र आणून देतो," म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. बनावट कागदाने मिळालेली नोकरी जाते आणि अब्रूही जाते.

तिसरी, पहिला पैसा आला की बँक खाते मुलाच्या वा मुलीच्या स्वतःच्या नावाने उघडावे. कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या करारावर सही करू नये. वस्तीत कोणी ना कोणी वकील, बँकेतला कर्मचारी, वाणिज्य शाखेचा पदवीधर असतोच. त्याच्याकडे कागद घेऊन जाण्यात लाज कसली?

चौथी गोष्ट नातेवाइकांसाठी, म्हणजे आपल्या सर्वांसाठी. पोराला चार पैसे मिळाले की मामा, काका, आत्या, शेजारी सगळ्यांच्या अडचणी एकदम उभ्या राहतात. अडचणी खऱ्या असतात. पण ते पैसे त्याच्या चाळीस वर्षांचे आहेत. मागण्यापूर्वी वरचा भागाकार आठवावा.

आणि टी.व्ही.वर पुन्हा एखादा पडलेला खेळाडू दिसला, तर मुलांना जवळ बसवून तीन प्रश्न विचारा. याने किती वर्षे कमावले? याच्याभोवती कोण कोण होते आणि त्यांना काय मिळाले? आज हा काय काम करतो आहे? कार्यक्रमात उत्तरे असतील तर तो कार्यक्रम चांगला. नसतील तर टी.व्ही. बंद करा आणि मुलांबरोबर बसून ती उत्तरे शोधा.